कष्ट ओसरले, तंबाखू राहिली

मालवणच्या किनाऱ्यावर पन्नाशीतल्या माणसाला व्यायामाचे विचारले, की उत्तर बहुधा तयार असते: ‘आमचो जल्म दर्यावर गेलो, आमका आनी कसलो व्यायाम?’ या उत्तरात अभिमान आहे आणि एका पिढीपूर्वी तो रास्तही होता. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढताना वाळूत पाय रोवून तासन्‌तास ताण धरावा लागे. होडी लोटायची, वल्हवायची, भिजलेली जाळी खांद्यावरून वर आणायची. दर्यावर न जाणाराही भातखाचरात वाके, माडावर चढे, बाजाराला पायी जाई. शरीर कमवायला वेगळा वेळ काढावा लागत नसे. पण आज हे उत्तर देणाऱ्या बहुतेकांचा दिवस तसा उरलेला नाही. वाक्य वडिलांचे आहे, अंग मात्र त्यांचे राहिलेले नाही.

पुरुषांच्या मध्यमवयातली तंदुरुस्ती आणि कर्करोग यांचे नाते शोधणारे संशोधन याच फरकाकडे बोट दाखवते. स्वीडनमध्ये नोकरदारांच्या आरोग्य तपासणीत स्थिर सायकलवर बसवून दमसास मोजण्याची पद्धत १९८०च्या दशकापासून आहे. दमसास म्हणजे जोर लावताना शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते, त्याचे माप. तिशीनंतर ते दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरते. बैठ्या माणसाचे त्याहून वेगाने. ज्यांची अशी मोजणी एकाहून अधिक वेळा झाली होती, त्या ५७,६५२ पुरुषांच्या नोंदींचे विश्लेषण २०२४च्या सुमारास प्रसिद्ध झाले. ज्यांचा दमसास वर्षाला तीन टक्के किंवा अधिक वाढला, त्यांच्यात प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका, ज्यांचा घटला त्यांच्यापेक्षा ३५ टक्के कमी आढळला. म्हणजे विशीतले शरीर कसे होते एवढ्यावर सगळे ठरत नाही. चाळिशी-पन्नाशीत आलेख वर जातो की खाली, यालाही वजन आहे.

आकडा मोहक आहे, म्हणून तो जपून वाचायला हवा. दमसास वाढवणारा माणूस त्याच वर्षांत सिगारेट सोडतो, वजन उतरवतो, वेळेवर झोपू लागतो. यातले नेमके श्रेय कोणाचे, हे निरीक्षणातून पुरते सुटत नाही. अमेरिकेत डॅलसच्या कूपर सेंटरमध्ये सुमारे चौदा हजार पुरुषांची मध्यमवयात ट्रेडमिलवर चाचणी झाली आणि पुढे त्यांच्या आजारांची नोंद ठेवली गेली. २०१५ साली आलेल्या निष्कर्षांत सर्वांत तंदुरुस्त गटाला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ५५ टक्क्यांनी आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा ४४ टक्क्यांनी कमी दिसला. प्रोस्टेटचे निदान मात्र याच गटात जास्त झाले होते. याचा संभाव्य अर्थ असा, की तब्येतीची काळजी घेणारा माणूस तपासण्याही जास्त करतो, आणि प्रोस्टेटचा संथ कर्करोग शोधणाऱ्यालाच सापडतो.

निरीक्षणापलीकडचा पुरावाही आता हाती आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले गेले. एका गटाला तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम, दुसऱ्याला फक्त माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी पहिल्या गटातले ८०.३ टक्के रुग्ण रोगमुक्त होते, दुसऱ्यातले ७३.९ टक्के. २०२५ साली आलेला हा निष्कर्ष रुग्णांपुरता आहे, निरोग्यांसाठी तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरी हालचालीचा परिणाम केवळ योगायोग नाही, एवढे त्यातून ठामपणे म्हणता येते. कारणेही समजण्यासारखी आहेत: स्नायू साखर वापरतात तेव्हा रक्तातले इन्सुलिन उतरते, पेशींना वाढीचा इशारा देणारी रसायने कमी होतात, पोटाच्या चरबीतून चालणारा मंद दाह शमतो.

सिंधुदुर्गात मध्यमवयाचा आलेख खाली का आला, हे पाहताना माणसाच्या आळसाकडे बोट दाखवणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. होडीला इंजिन आले, मग ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी आली. रापणीच्या वाट्याला येणारी मासळी घटली. त्यावरून किनाऱ्यावर संघर्ष झाले आणि फेब्रुवारी २०१६मध्ये राज्याला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. १९९७ साली जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, वायरीच्या घरांत पाहुण्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या. जो दोर ओढत होता तो आता पर्यटकांची बोट चालवतो, बुकिंगचे फोन घेतो, रात्री पाहुण्यांबरोबर जागतो. बाजार दोन वाड्यांपलीकडे असला तरी मोटारसायकल काढली जाते. मुंबईतल्या चाकरमान्याची गोष्ट आणखी वेगळी. तीस-पस्तीस वर्षे लोकलचा प्रवास, खुर्ची किंवा पाळी, आणि साठीला गावी परतताना रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी. ज्या कामाने शरीर घडत होते ते काम गेले. त्याची जागा घेणारे दुसरे काही कोणी दिले नाही.

वर आपली अंगकाठी फसवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून भारतीय पुरुषासाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपलीकडे गेला, की धोक्याची सुरुवात मानतात. हातपाय काटकुळे आणि लुंगीच्या गाठीवर पोट पुढे आलेले, ही किनाऱ्यावर सर्रास दिसणारी पन्नाशी याच गणितात बसते. ‘माझा काय वजन वाढला नाय’ हे तिचे समर्थन होऊ शकत नाही.

इथवर युरोप-अमेरिकेतला सल्ला आपल्यालाही लागू पडतो. वाट इथून वेगळी होते. तिथल्या पुरुषाला प्रोस्टेटची चिंता, कारण तिथे तो कर्करोग पुरुषांत आघाडीवर आहे. भारतीय पुरुषांत आघाडीवर आहे तोंडाचा कर्करोग. रोज दहा हजार पावले चालणारा माणूस दाढेखाली तंबाखूचा बार धरून चालत असेल, तर पावलांचा हिशेब त्याच्या गालाला वाचवत नाही.

आणि तंबाखू इथे नुसता शौक म्हणून आलेली नाही. ती कामाचे अवजार होती. रात्री समुद्रात जागे राहायला, भूक मारायला, पावसाळी गारठ्यात तग धरायला चिमूटभर तंबाखू-चुना मळला जाई. तांडेलापासून खलाशापर्यंत चंची फिरे, आणि जो घेत नाही तो थोडा परका ठरे. रात्र जागवणारा दशावतारी कलावंत असो की गिरणीची रात्रपाळी करणारा चाकरमानी, दोघांचे कारण तेच. कष्टाने शरीर राखले जात होते आणि तंबाखू ते आतून पोखरत होती. हा व्यवहार तोट्याचाच होता, पण त्याला दोन बाजू होत्या. आता कष्टाची बाजू निखळली आहे. जागायला कारण नाही, भूक मारायची वेळ नाही, तरी बार भरला जातोच. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७च्या फेरीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते आणि त्यांतले बहुतेक खाणारे होते. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली. पुडी टपरीवरून गेली नाही. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४पासून ती कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. तोंड आखडत जाऊन तीन बोटेही आत जाईनाशी होतात, ते तिचेच काम.

दारूचेही इथे स्वतंत्र गणित आहे. गोव्याची हद्द जवळ, तिथली दारू स्वस्त; इन्सुलीच्या नाक्यावर पकडलेल्या ‘गोवा बनावटीच्या’ साठ्याच्या बातम्या जिल्ह्याला नव्या नाहीत. दारू आणि तंबाखू एकत्र आल्या, की तोंड-घशाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या नुसत्या बेरजेपेक्षा बराच वर जातो. पर्यटनाच्या हंगामात पाहुण्यांबरोबर ‘बसणे’ हा धंद्याचाच भाग होऊन गेलेल्या माणसाला हे सांगायला हवे.

‘पन्नाशी झाली, आता सोडून काय उपयोग?’ हा यावरचा नेहमीचा प्रश्न. उपयोग मोजलेला आहे. ब्रिटनमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांविषयी रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००० साली काढलेला हिशेब असा: सिगारेट ओढतच राहिलेल्यांत पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे १६ टक्के, साठीत सोडणाऱ्याचा १० टक्क्यांच्या आसपास, पन्नाशीत सोडणाऱ्याचा ६, चाळिशीत सोडणाऱ्याचा ३. पन्नाशी उशिराची असली, तरी वाया गेलेली नसते. खाण्याच्या तंबाखूविषयी पुरावा आपल्याच मुंबईतून आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि प्रकाश गुप्ता यांच्या गटाने १९७७पासून एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतल्या ३६ हजारांहून अधिक तंबाखू घेणाऱ्यांबरोबर काम केले. घरोघरी जाऊन, तोंड तपासून, समजावून सांगितल्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि कर्करोगाआधी उमटणारे पांढरे चट्टे कमी झाले, विशेषतः एर्नाकुलममध्ये. ही माणसे शिकली-सवरलेली शहरी नव्हती. खेड्यातली, कष्टकरी होती.

‘आमचो आजो नव्वद वर्सां जगलो, तंबाखू खावन!’ हा दाखला प्रत्येक वाडीत मिळतो, आणि तो खोटाही नसतो. फक्त त्याच वाडीत पन्नाशीत गेलेल्यांची नावे त्या गजालीत येत नाहीत. शिवाय आजोबांच्या दिवसातले निम्मे काम नातवाच्या दिवसात उरलेले नाही. आजोबांचा वारसा सांगायचा तर तंबाखूबरोबर रापणही सांगावी लागेल.

मात्र केवळ उपदेशाने हे होणार नाही. कष्ट गेले ते कोणा एकाच्या इच्छेने नव्हे, मग त्यांची भरपाई प्रत्येकाने एकट्याने आपल्या जिद्दीवर करावी, ही अपेक्षा उरफाटी आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे दम लागेल अशी हालचाल, हे जागतिक आरोग्य संघटनेचे किमान माप. ते गाठायला जिम लागत नाही. किनारा, घाटी आणि पाणी इथे आहेच. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्री पोहण्याच्या स्पर्धा भरतात. ज्या गावाचे पुरुष लहानपणीच पोहायला शिकतात, त्यांनी चाळिशीनंतर फक्त पर्यटकांना पाण्यात उतरवत राहावे, हे खटकायला हवे. रापण संघांत पुरुषांनी एकत्र येण्याची सवय मुरलेली आहे. पोहणे, चालणे हे त्याच एकत्र येण्याला जोडले, तर ते टिकेल.

तोंडाच्या तपासणीसाठी जिल्ह्याकडे आयता काळ आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर, खलाशी जाळी विणत बसलेले, आणि बसल्या-बसल्या तंबाखू वाढलेली. तिशीपुढच्या प्रत्येकाचे तोंड पाहावे, असे सरकारी कार्यक्रमात आहेच. ते काम दवाखान्यात वाट पाहत बसण्याऐवजी या दोन महिन्यांत बंदरावर, जाळ्यांपाशी व्हावे. त्याला बॅटरी, हातमोजे आणि प्रशिक्षित आरोग्यसेवक पुरतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६पासून झालेल्या मोठ्या चाचणीत अशाच डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षितांनी तोंडे तपासली, आणि तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. आज इथला रुग्ण गाल सुजल्यावर, घास गिळेना झाल्यावर गोव्यात बांबोळीच्या नाहीतर मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचतो. तेव्हा शस्त्रक्रियेसाठी जबडा द्यावा लागतो आणि उपचारांसाठी बोट विकावी लागते.

म्हणून या किनाऱ्यावर मध्यमवयातल्या बदलाचा क्रम युरोपासारखा असू शकत नाही. आधी तोंड दाखवा, बार थांबवा, दारूला आवर घाला, आणि त्याच वर्षी चालायला-पोहायला लागा. व्यायाम हा तंबाखूचा उतारा नाही, आणि तंबाखू सोडली म्हणून वाढलेल्या पोटाला माफीही नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसापुढे दोन्ही बाजू एकाच वेळी उभ्या आहेत. त्याने त्यांना भिडावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आरोग्यखात्याला आणि आपल्याला तेव्हाच येईल, जेव्हा त्याच्या बंदरावर जाऊन त्याचे तोंड उजेडात पाहण्याचे साधे काम आपण केलेले असेल.