आधी पकडले, मग कायदा

शुनरोकु हाता मूळचे तोफखान्याचे अधिकारी. पुढे जपानचे लष्करमंत्री झाले, १९४४ मध्ये फील्ड मार्शल झाले. जुलै १९४० मध्ये लष्कराच्या वरिष्ठांनी त्यांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यायला लावला आणि त्या जागी दुसरा माणूस द्यायला नकार दिला. जर्मनीशी करार करायला नाखूश असलेल्या पंतप्रधान योनाईंचे सरकार त्यामुळे गडगडले. तिथे हातांनी मान तुकवली, एवढेच म्हणता येईल.

१९४२ ची गोष्ट वेगळी. एप्रिलमध्ये डूलिटलच्या अमेरिकी विमानांनी टोकियोवर बॉम्ब टाकले. त्यातले आठ वैमानिक चीनमध्ये जपान्यांच्या हाती लागले. बाकी बहुतेकांना चिनी गावकऱ्यांनी लपवले, वाट दाखवली. मग वड्याचे तेल वांग्यावर निघाले. चीनमधल्या जपानी फौजांचे प्रमुख तेव्हा हाताच होते. त्यांच्या सैन्याने झेजियांग आणि जियांग्शी प्रांतांत गावेच्या गावे जाळली.

ऑगस्टमध्ये त्यांच्या मुख्यालयातून शत्रूच्या वैमानिकांसाठी नियम निघाले: नागरी वस्तीवर हल्ला केल्यास देहदंड. शिवाय, आधी घडलेल्या कृत्यांनाही ते लागू. (चीनमधल्या चुंगकिंगच्या नागरी वस्तीवर जपानी विमाने कित्येक वर्षे बॉम्ब टाकत होती, त्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.) १५ ऑक्टोबरला शांघायजवळ त्या आठांपैकी तिघांना गोळ्या घातल्या.

युद्धानंतर टोकियोच्या न्यायाधिकरणासमोर हाता आरोपी होते. साक्षीला आले ते योनाई, ज्यांचे सरकार हातांच्या राजीनाम्याने पडले होते. जुन्या सहकाऱ्याला अडचणीत आणणारे काही आठवतच नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला, इतका की अध्यक्ष वेब यांनी त्यांना सर्वांत मूर्ख साक्षीदार ठरवले. मला ही साक्ष आवडते. खटल्यातला तो एक माणुसकीचा प्रसंग वाटतो.

शिक्षा जन्मठेपेची झाली. १९५४ मध्ये सुटका. भारताचे न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी मात्र सर्वच आरोपींना निर्दोष मानले. आक्रमक युद्ध त्या काळी गुन्हा नव्हता, मागाहून कायदा करून शिक्षा देता येत नाही, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा. मुद्दा वजनदारच. पण हातांच्या तोंडी तो शोभला नसता. त्यांच्याच मुख्यालयाने तीन तरुणांना तसल्याच कायद्याखाली मारले होते. शिवाय हाता दोषी ठरले ते केवळ युद्ध छेडल्याबद्दल नव्हे. हाताखालच्या सैन्याचे अत्याचार त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते रोखले नाहीत, किंवा ठाऊक करून घेण्याची तसदीच घेतली नाही. दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी कर्तव्यात कसूर झालीच, असे न्यायाधिकरणाने म्हटले. सेनापतीचे ते कर्तव्य १९४५ नंतर कोणी शोधून काढलेले नव्हते.