भ्रम, भीती आणि सत्य

"माझ्या जेवणात कोणीतरी विष कालवले आहे," असे मनोरुग्ण म्हणतो, तेव्हा शुश्रूषा करणाऱ्याने काय उत्तर द्यावे? 'हो' म्हणावे, तर ते असत्य ठरते आणि भ्रम दृढ होतो. वाद घालावा, तर तो व्यर्थ. कारण पुराव्याने दूर होत नाही, त्यालाच मनोविकारशास्त्र 'भ्रम' म्हणते. म्हणून परिचारिकांना तिसरा मार्ग शिकविला जातो : "मला तसे वाटत नाही, परंतु तुम्हाला फार भीती वाटते आहे, हे मला समजते." विष खोटे असले, तरी भीती खरी असते.

या सत्यनिष्ठेची कसोटी घरी लागते. रुग्ण गोळी नाकारतो आणि हतबल झालेली आई ती गुपचूप चहात विरघळविते. हेतू प्रेमाचाच. पण अन्नात काही मिसळल्याची ज्याला शंका, त्याच्या चहात आपण खरोखरच काही मिसळतो! ते उघडकीस आले, की त्याची शंका खरी ठरते आणि उरलासुरला विश्वासही तुटतो.

इतरांना चुकीचा वाटणारा निर्णय घेतला, एवढ्यावरून रुग्णाला निर्णयक्षमता नाही असे मानू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. म्हणून नकाराचे कारण आधी विचारावे. कदाचित औषधाने हात थरथरत असतील, सुस्ती येत असेल. ते डॉक्टरांच्या कानी घालावे. औषध बदलता येते. क्षमता खरोखरच नसेल, तेव्हा कायद्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या संमतीचा उघड मार्ग आहे. औषध काही काळ लपविता येईल. पण ते वर्षानुवर्षे घ्यायचे असते, आणि तेवढी वर्षे टिकतो तो विश्वासच.