वेश आणि इज्जत

ऑगस्ट २००७मध्ये इंग्लंडमधील बेकप गावच्या बागेत पोरांच्या टोळक्याने सोफी लँकेस्टर या वीस वर्षांच्या मुलीला लाथांनी तुडवले. मार खाऊन पडलेल्या मित्राचे डोके ती मांडीवर घेऊन बसली होती. तेरा दिवसांनी ती वारली. दोघांचा गुन्हा एवढाच, की त्यांचा ‘गॉथ’ पेहराव चारचौघांहून वेगळा होता. आई सिल्व्हिया यांनी तिच्या नावाने संस्था काढली, शाळाशाळांतून मुलांशी संवाद सुरू केला. २०१३पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हा म्हणून घेऊ लागले.

कुणी म्हणेल, वंश जन्माने येतो. वेश तर बदलता येतो, त्याला संरक्षण कशाला? दाढी, टोपी, बुरख्याबाबत आम्ही हेच ऐकत आलो आहोत : ‘काढून टाका, मग कोण त्रास देईल?’ तेव्हा तो आम्हाला अन्याय वाटतो. मग वर्गात केस रंगवून आलेल्या मुलाला पोरे हसतात, तेव्हा आम्ही शिक्षक काय करतो? खरे सांगायचे तर आम्हीही हसलो आहोत. ते केस आम्हाला पसंत नसतील. तसे त्याला प्रेमाने सांगू. पण त्याची इज्जत आमच्या पसंतीवर अवलंबून नाही. इन्साफ मागणाऱ्याने तो आधी द्यायला शिकावे.