पाठीराख्याची जागा

इ. स. २०१३ च्या डिसेंबर महिन्यात न्यूयॉर्क शहरी भारताच्या वकिलातीतील एका महिला अधिकाऱ्यास अटक झाली. घरकामासाठी भारतातून नेलेल्या मोलकरणीस कबूल केल्याहून पुष्कळच कमी वेतन दिले आणि तिच्या व्हिसासाठी खोटी माहिती सादर केली, असा त्यांच्यावर आरोप होता. अटकेनंतर त्यांची जी अंगझडती घेण्यात आली, तिच्या वार्तेने आपल्या देशात संतापाची लाट उसळली. तो संताप अस्थानी होता असे आम्ही म्हणत नाही. आणि आरोपांचा खरेखोटेपणा ठरविण्याचे हे स्थळही नव्हे. परंतु त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या सुशिक्षित घरांतून या प्रकरणाची जी चर्चा चाले, तीत त्या मोलकरणीचे म्हणणे तरी काय आहे, असा प्रश्न क्वचितच कोणी विचारी. उलट, त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील घरकामगारांच्या संघटनांची माणसे भारतीय वकिलातीसमोर जमून तिची बाजू मांडीत होती. त्यांतल्या कितीतरी बाया स्वतः परमुलखातून पोटासाठी तेथे आलेल्या होत्या. परक्यांना जिची कणव आली तिच्याविषयी आम्ही तिचे देशबांधव मूक राहिलो, याचे कारण काय?

कारण उघड आहे, आणि ते कबूल करण्यास थोडी लाज वाटली तरी कबूल करणे बरे. ती हकीकत वाचताना आम्ही मनाने मालकिणीच्या जागी बसलो होतो. आमच्याही घरी सकाळी कोणी भांडी घासावयास येते, कोणी पोळ्या लाटून जाते. म्हणून प्रश्न न्यूयॉर्कचा राहत नाही, तो आमच्या उंबरठ्याशी येतो. ज्याच्या घरचा केर दुसरी स्त्री काढते, त्याने तिच्या संघटनेच्या बाजूने प्रामाणिकपणे उभे राहणे शक्य आहे काय? आणि उभे राहावयाचे, तर नेमके कोठे?

या प्रश्नाला आमच्या वर्गाचे एक ठरलेले उत्तर आहे. “आमच्याकडे तिला घरच्यासारखे वागवतात,” असे आम्ही म्हणतो, आणि ते पुष्कळदा खरेही असते. सणावारी तिला लुगडे मिळते, मुलीच्या लग्नात उचल मिळते, दुखण्याखुपण्यात डॉक्टरांकडे पाठविले जाते. या माणुसकीला आम्ही कमी लेखीत नाही. कोरड्या व्यवहारापेक्षा ती केव्हाही बरी. तथापि ‘घरच्यासारखे’ या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. घरच्या माणसाला महिनाभर आजारी पडल्यास घर सोडावे लागत नाही. त्याच्या जागी दुसरे माणूस पाहिले जात नाही. मोलकरणीला मात्र बाळंतपण झाले, पाय मोडला, की काम सुटते. म्हणजे घरच्यासारखे राबावयाचे तेवढे ती घरची, आणि निभावून घेण्याची वेळ आली की ती बाहेरची! दयेचा दोष ती खोटी असते हा नव्हे. ती देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हा आहे. सासूबाईंनी दिलेली सवलत सूनबाई काढून घेऊ शकतात. गावाच्या एका टोकाला मिळणारी दुसऱ्या टोकाला मिळतेच असे नाही.

हीच ‘घरची’ कल्पना कायद्याच्याही आड येत गेली. अमेरिकेत १९३५ साली कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा झाला, तेव्हा घरकामगार त्यातून वगळले गेले, आणि ते आजही त्याच्या बाहेरच आहेत. १९३८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. त्याच्या कक्षेत घरकामगार यावयास १९७४ साल उजाडले. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत हे काम मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रिया करीत, आणि त्यांना हक्क देण्यास तेथील गोरे सत्ताधारी राजी नव्हते, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. कारखान्याच्या दारावर सरकारी निरीक्षक जाऊ शकतो. घराच्या दाराशी मात्र कायदा पायताण काढून बाहेरच थांबतो. म्हणूनच येथे घरातल्या माणसाने काय करावे या प्रश्नाला इतर कोठल्याही धंद्यापेक्षा अधिक महत्त्व आहे.

घरातली माणसे काय करू शकतात, याचा एक बोधप्रद दाखला अमेरिकेच्याच इतिहासात सापडतो. ५ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरी कृष्णवर्णीयांनी वर्णभेद पाळणाऱ्या बसगाड्यांवर बहिष्कार घातला, आणि तो ३८१ दिवस चालविला. त्या बसने जाणाऱ्यांत गोऱ्यांच्या घरी कामाला निघालेल्या मोलकरणी व स्वयंपाकिणी पुष्कळ होत्या. त्या पायी चालू लागल्या. तेव्हा कित्येक गोऱ्या गृहिणी आपापली मोटार काढून मोलकरणीला आणावयास व पोचवावयास जाऊ लागल्या. नगराध्यक्षांनी जाहीर सांगितले की, असे करणे म्हणजे बहिष्काराला मदत करणे होय, ते थांबवा. गृहिणींनी ते फारसे मनावर घेतले नाही. यांतील सगळ्याच समतेच्या कैवारी होत्या असे कोणी म्हणणार नाही. पुष्कळींना एवढेच कळत होते की, बाई आली नाही तर घर चालावयाचे नाही.

त्याच शहरात ज्युलिएट मॉर्गन नावाची एक गोरी ग्रंथपाल होती. बहिष्काराला आठवडा होतो न होतो तोच तिने वर्तमानपत्रास पत्र लिहून या चालत्या लोकांची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली. तिच्या वाट्याला निंदा, धमक्या आणि एकाकीपणा आला. त्या छळातच १९५७ च्या जुलैत तिचा करुण अंत झाला. एकीकडे सोयीसाठी मोटार हाकणाऱ्या गृहिणी, दुसरीकडे सत्यासाठी सर्वस्व पणाला लावणारी ही ग्रंथपाल. यांतील खरी साहाय्यकर्ती कोणती? नीतिशास्त्राचा विद्यार्थी ताबडतोब दुसरीकडे बोट दाखवील. आम्हीही दाखवू. परंतु ज्या बाईचे पाय दुखत होते तिच्या दृष्टीने मोटारही खोटी नव्हती. हेतूची शुद्धी पुरी झाल्यावरच साहाय्याला हात घालू म्हणणारा मनुष्य बहुधा जन्मभर हात बांधूनच बसतो. हेतूचे महत्त्व निराळ्या ठिकाणी आहे. सोय संपली की सोयीचा साहाय्यक घरी जातो; ज्याने न्याय पटून पाऊल उचलले तो गैरसोय सोसूनही टिकतो.

या दोहोंच्या मधली, सामान्य माणसाला झेपेल अशी वाट न्यूयॉर्कमध्येच पुढे निघाली. तेथे मुले सांभाळणाऱ्या व घरे झाडणाऱ्या, बहुतेक परदेशांतून आलेल्या स्त्रियांनी २००० साली ‘डोमेस्टिक वर्कर्स युनायटेड’ ही संघटना उभारली. वर्षानुवर्षे खेपा घालून ३१ ऑगस्ट २०१० रोजी त्यांनी घरकामगारांच्या हक्कांचा कायदा पदरात पाडून घेतला. अमेरिकेतील कोणत्याही राज्यातला असा हा पहिलाच कायदा. आठवड्याला चाळीस तासांवर, आणि मालकाच्याच घरी राहणारीला चव्वेचाळीस तासांवर, काम झाल्यास दीडपट मोबदला. सात दिवसांत एक दिवस विसावा. वर्षभराच्या चाकरीनंतर वर्षाला तीन दिवस पगारी रजा. आणि छळाविरुद्ध संरक्षण, हे त्यातील मुख्य मुद्दे. मागण्या किती साध्या आहेत हे वाचकांनी पाहावे. त्यांसाठी दशकभर झगडावे लागले!

या लढ्यात ‘ज्यूज फॉर रेशियल अँड इकॉनॉमिक जस्टिस’ या संस्थेने यहुदी कुटुंबांतील मालक-मालकिणींना घरकामगारांच्या बाजूने उभे केले. आणि त्याच प्रयत्नांतून २०१० साली ‘हँड इन हँड’ हे मालकांचे स्वतंत्र मंडळ निघाले. या लोकांनी काय साधले? मोलकरीण म्हणते, “मला रजा हवी”; त्यावर विरोधक म्हणतो, “तुला हवी, पण गरीब बिचाऱ्या कुटुंबांना ती परवडावयाची कशी?” येथे कुटुंबांचे नाव तिच्याविरुद्ध वापरले जाते. तेवढ्यात त्या कुटुंबांतलाच एखादा उठून म्हणतो की, आमच्या नावाने बोलू नका, आम्हालाही हा कायदा हवा आहे, तर त्या आक्षेपाचा पायाच खचतो. स्वतःच्या खिशाविरुद्ध दिलेल्या साक्षीला जे वजन असते ते कशालाच नसते. हे वजन मोलकरणीपाशी नाही. ते फक्त मालकापाशी आहे, आणि म्हणून ते खर्च करणे हे त्याचे विशेष कर्तव्य ठरते. मात्र मागणी कोणती करावयाची, तडजोड कोठे करावयाची, हे ठरविण्याचा अधिकार तिचा. पाठीराख्याची जागा नावाप्रमाणे पाठीशी असते. तो पुढे आला, की त्याचा कैवारी होतो. आणि कैवाऱ्याला स्वतःचा आवाज फार गोड लागतो.

आपल्याकडेही ही गोष्ट नवी नाही. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी, कोणा पुढाऱ्याच्या हाकेची वाट न पाहता, आपण होऊन संप केला. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. नागपुरात संस्कृतच्या प्राध्यापिका रूपा कुलकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटनेच्या कामात आपले आयुष्य घातले. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी केंद्रीय कायद्याने राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले. जिनिव्हा येथे २०११ साली घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १८९ संमत झाला. त्या वेळी भारताने अनुकूल मत दिले, परंतु त्यास रीतसर मान्यता आजवर दिलेली नाही. मत द्यावयाचे आणि सही टाळावयाची, ही रीत आमच्या घरच्या रीतीशी किती जुळते!

यावर एक आक्षेप असा येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मध्यमवर्गातील नोकरी करणारी स्त्री म्हणेल, “मी स्वतः सकाळी आठला घर सोडते, रात्री आठला परतते. माझा पगारही बेताचाच. तिचे वाढवून दिले तर माझे जमावयाचे कसे?” हे दुःख खरे आहे. परंतु या हिशेबात दोनच बायका दिसतात, हे चमत्कारिक नव्हे काय? घरातील कर्ता पुरुष, वयात आलेला मुलगा, यांच्या नावावर कामाचा एक तासही मांडलेला नसतो. घरकामाचा भार एका स्त्रीच्या खांद्यावरून उतरतो तो दुसरीच्या डोक्यावर जातो, आणि मग त्या दोघींनीच पैशांवरून भांडावे अशी व्यवस्था होते. रास्त मोल देऊन पाच कामे परवडत नसतील, तर तीन सांगावी व दोन घरच्यांनी वाटून घ्यावी. अपुऱ्या मोलात पाचही करून घेणे हा काटकसरीचा मार्ग खरा, पण ती काटकसर दुसरीच्या ताटातली असते.

संघटना आली की जिव्हाळा जाईल, अशीही भीती कोणी घालतात. आमचा अनुभव निराळा आहे. आणि तो आमच्या प्रौढीचा नाही, म्हणून सांगण्यास हरकत नसावी. आमच्या घरी अनेक वर्षे काम करणाऱ्या बाईने एकदा मोर्चासाठी एक दिवस मागितला. आम्ही मोठ्या मनाने दिला. इतक्या मोठ्या मनाने की, चार पाहुण्यांपाशी त्याचा उल्लेखही केला. महिनाअखेर स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेकडे पाहून हिशेब झाला. त्या दिनदर्शिकेवर दुधाचे लिटर मांडलेले असत आणि बाईचे खाडे. त्या दिवसावरही खाड्याची फुली होती, आणि पैसे कापले गेले. बाई रागावली नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना एवढेच म्हणाली, “काकू, तुम्ही चांगल्याच आहात हो. पण चांगुलपणा तुमच्याबरोबर राहील. माझी रजा तेवढी लिहून ठेवा.”

आम्ही वरमलो. इतक्या वर्षांत आम्ही तिचे न येणे तेवढे टिपून ठेवले होते. तिच्या येण्याची नोंद आमच्या घरात कोठेही नव्हती. पावसापाण्यातून ती आली, अंगात ताप असता आली, ते दिवस दिनदर्शिकेवर कोरेच राहिले. मग एक साधी वही आणली. पगार किती, दरवर्षी वाढ किती, महिन्यात भरपगारी रजा किती, दिवाळीचे काय, हे सारे तीत लिहिले, आणि दोघांच्या सह्या झाल्या. तिने ते आपल्या संघटनेतल्या बायांना दाखवून आणले व दोन कलमे दुरुस्त करावयास लावली. दुरुस्त्या आमच्या सोयीच्या नव्हत्या. जिव्हाळा मात्र कमी झाला नाही. सणाचे लुगडे अजूनही दिले जाते, परंतु आता ते पगाराच्या ऐवजी दिले जात नाही, म्हणून घेताना तिची मान खाली जात नाही.

अशा वहीने जग बदलत नाही हे आम्ही जाणून आहो. कायदा लागेल, संघटना लागेल, आणि बायांचा मोर्चा निघेल तेव्हा त्यांच्या मागून, हाती ध्वनिक्षेपक न घेता, चालणारी माणसेही लागतील. परंतु ज्याच्या घरातील दिनदर्शिकेवर फक्त खाडे मांडले जातात, त्याने त्या मोर्चात कोणत्या तोंडाने चालावे? वाचकांनी आज आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे एकवार पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.