समोर नसलेला माणूस

गेल्या मे महिन्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून घरी आलो तेव्हा माझा भाचा ओटीवर बसून मोबाईलवर कसलासा खेळ खेळत होता. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बोलका आहे, आणि मामाशी वाद घालण्यात त्याला विशेष रस. चहा येईपर्यंत त्याने चालकाविना धावणाऱ्या मोटारींचा विषय काढला. अमेरिकेतील फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को या शहरांत वेमो कंपनीच्या मोटारी प्रवाशांची ने-आण करतात आणि चालकाच्या आसनावर कोणीही नसते, हे तो अशा अभिमानाने सांगत होता की, जणू त्यांतील एखादे चाक त्यानेच बसविले असावे. "मामा, यंत्र दारू पीत नाही, त्याला डुलकी लागत नाही, त्याचे घरी भांडण झालेले नसते," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, हा सरकारी आकडा आहे. वसईच्या पूर्वेकडून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. चालकांच्या रोजगारावर गदा येईल म्हणून अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ साली जाहीर केले. ती चिंता खरी आहे. परंतु रोजगार टिकावेत म्हणून मृत्यूही चालू द्यायचे काय, हा भाच्याचा प्रश्नही खोटा नव्हता.

माझ्या मनात मात्र दुसरेच काही घोळत होते. १९९३ च्या पावसाळ्यात आमच्या गावातील एक तरुण याच महामार्गावर ट्रकखाली सापडला. दफनविधीच्या दिवशी चर्चच्या फाटकाजवळ एक अनोळखी माणूस पावसात भिजत उभा होता. तो त्या ट्रकचा चालक होता. लोक चिडले, दोघे-तिघे त्याच्या अंगावर धावूनही गेले. मुलाच्या आईने त्यांना थांबविले. ती त्या माणसाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि काही न बोलता आत निघून गेली. तिने त्याला क्षमा केली की नाही, मला ठाऊक नाही. विचारण्याचे धाडस आजवर झालेले नाही. पण क्षमा करण्यासाठी म्हणा, नाकारण्यासाठी म्हणा, तिच्यापुढे एक चेहरा होता.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेम्पी नावाचे शहर आहे. तेथे १८ मार्च २०१८ च्या रात्री उबर कंपनीच्या, चाचणीसाठी फिरणाऱ्या अशाच एका मोटारीने ४९ वर्षांच्या एका स्त्रीचा बळी घेतला. ती आपली सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. पुढे चौकशी झाली तेव्हा दिसून आले की, धडक बसण्यापूर्वी ५.६ सेकंद यंत्रणेने तिला टिपले होते. मात्र हे काय आहे, हे तिला ठरविता येईना. कधी वाहन, कधी अन्य काही, कधी सायकल, असे तिचे अंदाज बदलत राहिले. पादचाऱ्यांसाठी राखलेली जागा सोडूनही कोणी रस्ता ओलांडील, ही शक्यता त्या यंत्रणेच्या रचनेत धरलेलीच नव्हती. शिवाय मोटारीच्या मूळ उत्पादकाने दिलेली आपोआप ब्रेक लावण्याची सोय त्या वेळी बंद ठेवण्यात आली होती. देखरेखीसाठी आत बसविलेली कर्मचारी आपल्या फोनवर एक कार्यक्रम पाहत होती.

मग दोष कोणाचा? कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असे सरकारी वकिलांनी २०१९ साली ठरविले. देखरेख करणाऱ्या कर्मचारी स्त्रीने २०२३ साली गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे परिवीक्षेखाली राहण्याची शिक्षा झाली. तिची चूक होती, यात शंका नाही. पण 'येथून कोणी माणूस आडवा येऊ शकेल' असा विचार ज्यांनी कधी केलाच नाही, ते सारे तिच्या पाठीमागे कोठे नाहीसे झाले?

तत्त्वज्ञ मंडळींना अशा मोटारींच्या संदर्भात एक कोडे फार प्रिय आहे. फिलिपा फूट या विदुषीने १९६७ साली ते मांडले होते, तेव्हा त्यात ट्राम होती: पाच जणांना वाचविण्यासाठी ती एकाच्या अंगावर वळवावी काय? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जगभरच्या लोकांनी असे सुमारे चार कोटी निवाडे नोंदविले. म्हाताऱ्याला वाचवावे की मुलाला, वगैरे. मला हा सारा खटाटोप थोडासा पोरकट वाटतो. टेम्पीच्या रस्त्यावर कोणापुढेही असा पेच नव्हता. तेथे कोणी कोणाच्या मरणाची निवड केली नाही. त्या स्त्रीचा कोणाला विचारच सुचला नव्हता.

या बाबतीत जर्मनांनी मला अधिक शहाणपण दाखविलेले दिसते. तेथील शासनाने नेमलेल्या नीतिविषयक आयोगाने २०१७ साली सांगितले की, अपघात अटळ असला तरी वय, लिंग, शारीरिक स्थिती पाहून माणसामाणसांत भेद करता येणार नाही. या आयोगावर ऑग्सबर्गचे साहाय्यक बिशप अँटोन लोझिंगर हेही होते, हे येथे नमूद करावेसे वाटते. पुढे २०२१ च्या कायद्याने अशा वाहनांना ठरावीक क्षेत्रांत परवानगी दिली, पण वाहनावर तांत्रिक देखरेख ठेवणारी एक हाडामांसाची व्यक्ती असलीच पाहिजे, असे बंधन घातले. मोटारीत कोणी नसले तरी फाटकाजवळ उभा राहणारा कोणीतरी हवा, असा मी त्याचा अर्थ लावतो.

हे सर्व मी भाच्याला मोठ्या आवेशाने ऐकविले. तो खेळता खेळता ऐकत होता. सहज विचारले, "हा खेळ केवढ्याचा?" तो हसला. "विकत घेतला तर पैसे पडतात. हा क्रॅक केलेला. फुकट."

आता माझी पाळी होती. पण पोरगा कच्चा नव्हता. "कोणाचे काय गेले, मामा? वाडीतून केळीचा घड नेला तर झाड रिकामे होते. इथे मूळ खेळ त्याच्यापाशी आहे तसाच आहे. आणि पैसे मोजून मी तो घेणारच नव्हतो."

धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवी आज्ञा आम्ही शिकलो ती केळीच्या घडाच्या आणि शेजाऱ्याच्या कोंबडीच्या आधारे, म्हणून हा युक्तिवाद प्रथम बिनतोड वाटतो. मी त्याला विचारले, "लग्नात रात्रभर वाजवून झाल्यावर बँडवाल्याला 'तुझे सूर तुझ्यापाशीच आहेत की' असे सांगून रिकाम्या हाती परत पाठवशील?" तो म्हणाला, "तो समोर उभा असतो ना!"

नकळत त्याने नेमक्या जागी बोट ठेवले होते.

२०१३ साली दोन भावांनी संगणकावरचा एक खेळ बाजारात आणला. पुढे तो मोबाईलवरही आला. खेळणाऱ्याने खेळ बनविणारी कंपनी चालवायची, अशी त्याची कल्पना. चोरी होणार हे जाणून त्यांनी स्वतःच एक फुकट्यांसाठीची प्रत गुपचूप पसरविली. तीत इतकाच बदल होता की, काही काळाने खेळातील कंपनी चोरट्या प्रतींमुळे बुडू लागे. पहिल्या दिवशी खरी प्रत घेणारे २१४ निघाले आणि फुकटी प्रत खेळणारे ३,१०४! गंमत पुढेच आहे. त्या फुकट्यांपैकी काही जण तक्रार करू लागले की, आम्ही एवढ्या कष्टाने खेळ बनवितो आणि लोक चोरतात. यावर काही उपाय आहे काय? काल्पनिक कारखानदाराचे दुःख त्यांना कळले, कारण तो कारखानदार ते स्वतः होते.

२०१२ मध्ये 'डेड ट्रिगर' हा मोबाईलवरील खेळ एक डॉलरहूनही कमी किमतीला होता. चोरी इतकी झाली की, निर्मात्यांनी ॲंड्रॉइड फोनवर तो फुकट करून टाकला आणि कमाई खेळाच्या आत विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर सोडली. हा मार्ग आता असंख्य खेळांनी धरला आहे. आईबापांच्या फोनवरून आठ-नऊ वर्षांची मुले खोट्या तलवारी खऱ्या पैशांनी विकत घेतात, त्याचे मूळ केवळ चोरीत आहे असे मी म्हणणार नाही. कंपन्यांना लोभ शिकवावा लागत नाही. पण सरळ किंमत मागून सरळ वस्तू देणाऱ्याचे दुकान ज्यांनी बंद पाडले, त्यांत आमचा भाचाही एक आहे.

एवढे ऐकून तो उठला, आतल्या खोलीतील काचेच्या कपाटापाशी गेला आणि म्हणाला, "मग ह्यांचे काय?"

कपाटात माझ्या कॅसेटी आहेत. ऐंशीच्या दशकात मित्रांकडून मागून आणून, रात्र-रात्र जागून मी त्या दुसऱ्या टेपवर उतरवून घेतल्या होत्या. तेव्हा पगार कमी होता, दुकान दूर होते, आणि सगळेच तसे करीत. हे तिन्ही खुलासे माझ्या ओठांवर आले; तिन्ही त्याच्याकडूनही येऊ शकले असते, म्हणून मी गिळले.

तो गेल्यावर संध्याकाळी मी त्या मोजल्या. एकेचाळीस भरल्या. बहुतेकांच्या पाठीवर, माझ्याच अक्षरांत, 'जुनी गाणी, भाग २', 'भक्तिगीते, छान' असे काहीतरी लिहिलेले आहे. गाणाऱ्याचे नाव सहांवर सापडले.