झाड लावायला कसला विचार?

यंदा पावसाच्या तोंडावर आपल्या युवक-युवतींनी एक प्रस्ताव आणला आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात एक मोकळा माळ त्यांनी पाहून ठेवला आहे. तिथे जाऊन हजार रोपे लावायची, कुंपण घालायचे, दोन वर्षे पाणी घालायची व्यवस्था करायची. वर्गणीही जमू लागली आहे. मी अजून होकार दिलेला नाही, त्यामुळे काही जण नाराज आहेत. ''झाड लावायला कसला विचार करायचा, फादर?'' असे एकाने मला सरळच विचारले. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर सर्वांसमोर देतो.

आपण किनाऱ्यावरची माणसे. केळी, नारळ, पानवेली, फुलांचे वाफे पाहत लहानाचे मोठे झालेलो. मुंबईहून निघालेली गाडी दौंड ओलांडून सोलापूरकडे धावू लागते तेव्हा खिडकीबाहेर पाहून आपण म्हणतो, ''किती उजाड मुलूख!'' मैलोन् मैल पिवळे गवत, मध्येच एखादी बाभूळ, हिवर किंवा बोरीचे झुडूप. मग वाटते, इथे पूर्वी घनदाट जंगल असणार आणि माणसाने ते तोडले असणार. हीच समजूत त्या प्रस्तावाच्या मुळाशी आहे.

काही ठिकाणी ती खरीही आहे. पण दख्खनच्या पर्जन्यछायेतल्या बऱ्याच माळांच्या बाबतीत ती खरी नाही. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीचे नाव आपण ऐकलेले असते. गवताच्या समुद्रात विखुरलेली झाडे असलेल्या अशा प्रदेशाला सॅव्हाना म्हणतात. आपला माळ त्याच कुळातला आहे. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथे जेमतेम पाचशे-सहाशे, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने ऊन आणि वारा. या हिशेबात गवत बसते. मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून वरचे पाते मेंढीने खाल्ले किंवा वणव्यात जळले तरी गवत मरत नाही. पहिल्या पावसात माळ पुन्हा हिरवा होतो. अशा उष्ण प्रदेशातल्या गवतांनी भारतीय उपखंडात सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच मोठा विस्तार केला होता, असे शिवालिकच्या जुन्या मातीच्या अभ्यासातून दिसते. तेव्हा जंगल तोडायला कुऱ्हाड घेतलेला माणूस अस्तित्वातच नव्हता.

२०२५ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध तर आपल्या भाषेच्या अभिमानाचा विषय व्हावा. अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य, म्हणजे चरित्रे, ओव्या, दंतकथा, चाळून त्यात कोणकोणत्या रानझाडांचा उल्लेख येतो ते पाहिले. बहुतेक झाडे उघड्या रानातली, उन्हात वाढणारी निघाली. म्हणजे सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीही तो मुलूख मोकळाच होता.

मग 'उजाड' हा शब्द आला कुठून? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला जॉन लॉक शिकवला जाई. १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एक विचार आहे: माणसाने काहीच श्रम न घातलेली, निव्वळ निसर्गावर सोडलेली जमीन ही वाया गेलेली जमीन होय. हा विचार इंग्रजी राज्यकारभारात मुरला. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, जिथे इमारती लाकूड नाही ते बिघडलेले जंगल. स्वातंत्र्यानंतरही नजर फारशी बदलली नाही. १९८५ साली पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ निघाले, २००० साली अशा जमिनींचा राष्ट्रीय नकाशासंग्रह निघाला, आणि खुरट्या झुडपांचे कित्येक माळ त्यात पडीक म्हणून रंगवले गेले. सातबाऱ्यावरचा 'पोटखराबा' हा शब्दही मला नेहमी बोचतो. पोट कोणाचे आणि खराब कोणासाठी?

कारण त्या माळावर वस्ती आहे. चिंकारा, काळवीट, खोकड, लांडगा. चंडोल आणि धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. माळढोक तर पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी, मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्यावर. चहूकडे दूरवर नजर पोचणे हेच तिचे कुंपण. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आज तिथे त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे, देशभरातही दीडशेच्या आतच उरले असावेत. याला सर्वस्वी वृक्षारोपण जबाबदार आहे असे मी म्हणत नाही. शिकार, विजेच्या तारा, उसाखाली गेलेली रानेही आहेत. पण जिथे तो उभा राहायचा तिथे ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या करून आपण त्याला परत बोलावू शकत नाही.

आणि धनगर बांधव. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरणारे, भातखाचरांत कळप बसवून खत देणारे. पावसाळ्यात ते ज्या माळावर परततात त्याला आपण कुंपण घालणार. त्यांना विचारले आहे का? युवकांना मी हे विचारले, तेव्हा सगळे गप्प झाले.

कच्छमधल्या बन्नीचे उदाहरण या संदर्भात विसरता येत नाही. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा गवताळ प्रदेश. खारे वाळवंट पुढे सरकू नये, या चांगल्या हेतूने १९६१ च्या सुमारास तिथे अमेरिका खंडातली वेडी बाभूळ लावली गेली. ती इतकी फोफावली की गवताचा फार मोठा भाग तिने गिळला. तिच्या शेंगा खाऊन गाई आजारी पडू लागल्या, अनेक मालधाऱ्यांनी गाई सोडून म्हशींवर भर दिला. तिचा कोळसा करून काहींची घरे चालतात हेही खरे. पण लावणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोणीच म्हणणार नाही, आणि मला खुपते ते नेमके हेच.

हेतू चांगला म्हणजे कृती चांगली, असे आपण किती सहज धरून चालतो! संत थॉमस अक्वायनस यांचे मत वेगळे आहे. त्यांच्या मते कृतीचे नैतिक मोल ठरवताना हेतू, प्रत्यक्ष कृती आणि परिस्थिती हे तिन्ही पाहावे लागतात, आणि एकात खोट असली तरी ती कृती पूर्णपणे चांगली ठरत नाही. म्हणूनच ते विवेकाला सद्गुणांत वरचे स्थान देतात. विवेक म्हणजे भित्रेपणा किंवा चालढकल नव्हे, समोर जे आहे ते जसे आहे तसे पाहणे. ज्याचे भले करायचे त्याला न ओळखताच केलेले भले बहुधा आपल्या स्वतःच्या समाधानासाठी असते. घरातही हे घडते. म्हाताऱ्या आईला तिच्या अंगणातून उचलून फ्लॅटमध्ये आणणाऱ्या मुलाचा हेतू क्वचितच वाईट असतो.

ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर ईयोबाला प्रश्न विचारतो, त्यात एक असा आहे की जिथे माणूसच नाही अशा ओसाड रानावर पाऊस पाडतो कोण? रानगाढवाला ते मोकळे मैदान घर म्हणून आपणच दिले, असेही तो सांगतो. त्याच्या हिशेबात ती जमीन रिकामी नाही.

''पण फादर, हवामान बदलते आहे, झाडे प्राणवायू देतात,'' असे कोणी म्हणेल. खरे आहे. झाडांच्या विरोधात मी नाही. सह्याद्रीच्या उतारांवर जंगल तोडले गेले आहे, तिथे ते परत यावे. आपल्या खाडीकाठची तिवरे वाचावीत. इमारतींसाठी आपल्याच वाड्यांतली किती आंब्या-चिंचेची झाडे गेली, त्यांची जागा कोण भरणार? पण गवताळ माळही कर्ब साठवतो, आणि त्यातला बराचसा मुळांत आणि मातीत, जिथे वणवा सहसा पोचत नाही. तो साठा समतल चर खणून उलथवायचा आणि वर रोपे लावायची, हा कसला हिशेब?

तेव्हा माझा प्रस्ताव असा. जमलेल्या वर्गणीतून पहिली रोपे इथे, आपल्या गावांत, विहिरींच्या कडेने आणि रस्त्यांलगत लावू. त्या माळावर सप्टेंबरमध्ये, गवत फुलोऱ्यावर असताना, एक दिवस नुसते जाऊ. रोपे नकोत, फावडी नकोत. तिथे मेंढरे चारणाऱ्या कुटुंबाशी बोलू आणि वनखात्याच्या माणसाला सोबत घेऊ. हिवर आणि बोरी मुळातच तिथल्या आहेत. त्या कुठे तुटल्या असतील तर काय करावे हे तेच सांगतील. येऊ इच्छिणाऱ्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर नावे द्यावीत. टोपी आणि पाण्याची बाटली आठवणीने घ्यावी, तिथे सावली फारशी मिळणार नाही.