आपल्या गल्लीचा संघ

आपल्या वसईच्या पश्चिमेकडच्या गावांत फुटबॉल मुरलेला आहे. मैदानाच्या कडेला ओरडून घसा बसलेल्या एखाद्याला विचारून बघा, टीव्हीवर मँचेस्टर, बार्सिलोना असताना इथे कशाला उन्हात तापतोस? तो म्हणेल, "अहो, गोलकीपर भाचा आहे ना माझा!"

याच वेडाचं मोठं रूप बघायचं तर कोल्हापूर गाठावं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तिथल्या संघांची नावं मुळात तालमींची. पैलवानामागे उभी राहणारी पेठ फुटबॉलमागेही तशीच उभी राहिली. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. त्याचा अभिमान आहेच. पण शाहू स्टेडियमवर समोरच्या पेठेला हरवलं, तर तो आनंद काही औरच! (भांडणंही होतात, ते मात्र बरं नव्हे.)

मोठ्या क्लबचा खेळाडू आपल्याला ओळखतही नाही. इथला गडी पेनल्टी हुकवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या टपरीवर चहाला येतो. यथेच्छ बोलणी खातो. चहाचे पैसे मात्र बोलणी देणाराच देतो.